कपाटं हलवण्याआधी

चि. बाबू,

तुझा मेसेज परवा रात्री आला. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात तुला घेतलं, हे तुझ्या आईकडून कळलं होतंच. तिशीच्या आतला सभासद मंडळावर येण्याची ही पहिलीच खेप असावी. माझ्या वेळी सगळ्यात तरुण म्हणजे साठीचे असत.

कथा-कादंबऱ्यांची अकरा कपाटं मागच्या गोदामात हलवून त्यांच्या जागी अभ्यासिका चाळीस टेबलांपर्यंत वाढवायची, असा ठराव रविवारी येणार आहे म्हणतोस. आणि ‘साहित्य वाचणं कमी झाल्याने संस्कृतीचं कसं नुकसान होतं’ यावर मी चार ओळी लिहून द्याव्यात, तू त्या सभेत वाचणार. त्या ओळी मी देणार नाही. तसलं भाषण मी तीस वर्षं दर वाचन प्रेरणा दिनासारख्या कार्यक्रमात ऐकलं. व्यासपीठावरून ते करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या कार्डावर वर्षभरात एक नोंद नसायची. हे पत्र तुझ्यापुरतं आहे.

आधी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांसाठी बसणाऱ्या पोरांची बाजू ऐक, कारण मंडळातली जुनी माणसं ती ऐकणार नाहीत. सकाळी सातला दारात उभी असतात ती मुलं दहा-दहा बारा-बारा तास वाचतात. ‘आजकालची मुलं वाचत नाहीत’ हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायला धाडस लागेल. घरी एक खोली, त्यात टीव्ही, आजारी आजी, धाकटी भावंडं. त्यांना टेबल, पंखा आणि शांतता हवी आहे, आणि ती मागण्याचा त्यांना हक्क आहे. आणखी एक. मी वाचनालयात नोकरीला लागले १९८४ साली. तेव्हा ओढ्यापलीकडच्या वस्तीतले आपले सभासद किती होते, माहीत आहे? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. अनामत भरणं जमायचं नाही, आणि ज्यांना जमायचं त्यांनाही पायरी चढताना कुणीतरी ‘कोणाचा रे तू’ विचारायचं. आज अभ्यासिकेच्या रजिस्टरमध्ये त्या वस्तीतली नावं पानोपानी आहेत. कादंबऱ्यांच्या भरभराटीत जे आत आले नाहीत ते आता आले. संस्कृती बुडाली म्हणणाऱ्यांनी हेही मोजायला हवं.

आणि ती भरभराट तरी कसली होती? सगळ्यात जास्त वेळा बांधणीला गेलेली पुस्तकं आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांची आणि सुहास शिरवळकरांची. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, मीही दुपारच्या वेळी अर्नाळकरांचा झुंजार वाचला आहे. पण पूर्वी सारं गाव अभिजात साहित्यात बुडालेलं होतं, ही थाप आहे. शिवाय पुस्तकाशिवाय संस्कृती नाही म्हणावं, तर बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता पुस्तकातून लोकांसमोर आली १९५२ साली, त्या गेल्यावर. ओवी, भारूड, कीर्तन, तमाशा यांच्यावर हा मुलूख शतकानुशतकं पोसला गेला. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्यांपैकी. म्हणजे गावात जाऊन पुस्तक मागावं ही सोयच मुळी दोनशे वर्षांची. तेव्हा संस्कृती वगैरे राहू दे.

मग मी त्या कपाटांसाठी का अडून बसले आहे?

आपल्या गावाचा नकाशा आठव. वरची आळी, मधली पेठ, माळ्यांचा मळा, ओढा, ओढ्यापलीकडची वस्ती. माणूस जन्मभर आपापल्या आळीत राहतो. बाजारात दुसऱ्या आळीच्या माणसाशी बोलतो, देवघेव करतो, मतदानाच्या रांगेत त्याच्या मागे उभा राहतो. पण त्याच्या चुलीपाशी जात नाही. भावकी, सोयरीक, सण, सगळं आळीतल्या आळीत. बिनबोलावता दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची सोय आपल्याकडे एकच होती, ती म्हणजे कादंबरी आणि आत्मकथन. वर्तमानपत्र दारापर्यंत नेतं. माहितीचं पुस्तक त्या घरात माणसं किती, उत्पन्न किती, हे सांगतं. रात्री दिवा मालवल्यावर ती माणसं एकमेकांशी काय बोलतात, हे ते सांगत नाही.

हाच फरक जुन्या उदाहरणात बघ. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ हे पत्र काढलं. विधवांच्या केशवपनावर त्यांनी जळजळीत लिहिलं, लोक भांडले, त्यांनी उत्तरं दिली. दोन वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः यायला लागली. तीत वाद नाही. यमुना नावाची एक मुलगी आपल्या आयुष्याची हकिकत सांगते, माहेर, सासर, नवऱ्याने लावलेली वाचनाची गोडी, आणि मग पुढचं सगळं. आगरकरांशी भांडता येत होतं. यमुनेशी काय भांडणार? ती तर घरातलीच, माजघरात बसलेली, फक्त तिला कुणी आजवर बोलू दिलं नव्हतं. दोघांचीही गरज होती, पण काम वेगवेगळं होतं, हे तुला अभ्यासिकेच्या सभेत सांगता आलं तर सांग.

आता आपल्या देवघेवीच्या टेबलावरची गोष्ट. दया पवारांचं ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८ साली काढलं. आपल्याकडे त्याची एक प्रत होती. वरच्या आळीतले एक निवृत्त मास्तर होते, धोतर, काळी टोपी, हातात छत्री. ते हे पुस्तक घेऊन गेले आणि चार दिवसांत परत आले. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मला वाटलं, आता तक्रार करणार, असलं काय ठेवता म्हणून. ते बराच वेळ टेबलाशी उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, आपल्या ओढ्यापलीकडे पाणी कुठून येतं हो?”

ओढा त्यांच्या परसदारातून दिसायचा. त्या वस्तीतल्या मुलांना त्यांनी वर्गात शिकवलेलं होतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आणि हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला होता. मी सांगितलं, विहीर आटली की नदीच्या डोहातून आणतात. ते “असं” म्हणाले आणि पुस्तकाची मुदत वाढवून घेतली. पुढे त्यांनी वस्तीत नळ आणला वगैरे काही झालं नाही. ते सुधारकही झाले नाहीत. श्राद्धपक्ष, सोवळं, सारं शेवटपर्यंत तसंच चालू होतं. पण तो प्रश्न त्यांना पडला, आणि तो आगरकरांच्या निबंधातून पडला नसता, सरकारी अहवालातूनही नाही.

आता तुझ्या अभ्यासिकेकडे येते. तिथल्या कुठल्याही मुलाला विचार, ‘बलुतं’ कोणाचं? झोपेतून उठवलंस तरी सांगेल: दया पवार, १९७८. ‘उपरा’ लक्ष्मण माने. ‘बनगरवाडी’ व्यंकटेश माडगूळकर. साहित्यकृती आणि लेखक यांच्या जोड्या त्यांच्या गाइडमध्ये असतात, परीक्षेत जोड्या जुळवायला येतात. अख्खी कपाटं त्यांनी दोन पानांत पाठ केली आहेत. ज्या टेबलावर ते पाठ करतात तिथून पुस्तक पंधरा पावलांवर. ही मुलं उद्या नायब तहसीलदार होतील, फौजदार होतील. एखादी बाई रेशनकार्डावरचं नाव कमी झालं म्हणून त्यांच्या टेबलाशी उभी राहील आणि तिला धड सांगता येणार नाही, चौथ्या वाक्याला रडायला लागेल. तिचं पहिलं वाक्य काय असणार होतं, हे ज्याने चार घरं पुस्तकातून का होईना पाहिली आहेत त्याला जरा लवकर कळतं. नेहमी कळतंच असं नाही. पुष्कळ वाचलेली आणि दगडासारखी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातली दोन तर आपल्याच मंडळात होती. पण न वाचणाऱ्याला ती शक्यतासुद्धा उरत नाही, आणि माझी चिंता तेवढ्यापुरतीच आहे. ओढ्यापलीकडचा मुलगा असेल त्याला ओढ्यापलीकडचं सांगायला नको, खरं आहे. पण त्याची बदली धनगरवाड्यावर होईल, पारध्यांच्या तांड्यावर होईल, तेव्हा तो वरच्या आळीतल्या मास्तरांइतकाच कोरा असेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आपल्या वाचनालयात पेढे वाटले म्हणे. छान झालं. त्या दिवशी ‘लीळाचरित्र’ कोणी नेलं का, ते जरा बघ.

आता कामाचं. अभ्यासिकेला विरोध करू नकोस, हरशील, आणि हरायलाच हवंस. मागणी एवढीच कर की कपाटं गोदामात जाऊ नयेत. गोदामात आधी ओल येते, मग वाळवी, मग निर्लेखनाचा ठराव, मग रद्दीवाल्याचा काटा. टेबलांच्या दोन ओळींमध्ये कपाटं उभी करा, आडोसाही होतो. कुलपं काढा. मुलं डोकं आंबल्यावर चहाला उठतात, तेव्हा हात सहज पोचेल असं काहीतरी मधल्या फळीवर असू दे. जाड नको, शंभर-सव्वाशे पानांचं. ‘बनगरवाडी’ चांगली, एका संध्याकाळची आहे आणि नव्या नोकरीवर निघालेल्या पोराचीच गोष्ट आहे. ‘वाचाल तर वाचाल’ची पाटी कृपा करून लावू नका. निर्लेखनाची यादी आली तर दाखल नोंदवहीशी स्वतः ताडून बघ. पाच वर्षांत गेलं नाही म्हणून पुस्तक मेलं असं होत नाही. अनुदानाच्या वर्गवारीची भीती कोणी घातली तर घाबरू नकोस, पुस्तकं कमी झाली तर वर्ग घसरतो, वाढला असं कधी ऐकलं नाही.

आणि तू स्वतः? शेवटची कादंबरी कधी वाचलीस ते मला फोनवर सांग, आईसमोर नको.

एक कबुली राहिली. वर पंधरा पावलं म्हणाले खरी, पण ‘बलुतं’ त्या कपाटात नाही. २०१६ साली निवृत्त होताना मी ते माझ्या कार्डावर घरी आणलं ते माझ्याकडेच आहे. इतक्या वर्षांत तीन-चार वेळा पडताळणी झाली असेल, कोणी विचारलं नाही, मागायला कोणी आलं नाही, आणि त्याच्यामुळे मला जितकं वाईट वाटायला हवं तितकं वाटलंही नाही. पाठच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के मावेनात म्हणून मीच वर दुसरी चिठ्ठी चिकटवली होती. तिच्यावर मात्र चारच शिक्के आहेत आणि चौथा माझा. शनिवारच्या एसटीने शेजारच्या वहिनी येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. दंड दिवसाला एक रुपया धरून काय होतो तो हिशेब करून कळव. सूट मागू नकोस.

तुझी,
आत्या