नीटम आणि त्याचे आप्त

सह्याद्रीच्या रानात उंबळी नावाची एक काष्ठमय वेल आढळते. तिची पाने रुंद व जाळीदार शिरांची असल्याने ती फुलझाडांपैकीच एक असावी, असे कोणासही वाटेल. परंतु तिला खरे फळ येत नाही. फळासारखे जे दिसते ते मांसल आवरणातील बीजच होय. म्हणून उंबळीची, म्हणजे नीटम प्रजातीची, गणना सायकस व देवदार यांच्याबरोबर प्रकटबीज वनस्पतींत होते.

नीटमचे दोन आप्त रूपाने अगदी निराळे आहेत. एफिड्रा हे हिमालयाच्या कोरड्या उतारांवरील झुडूप. त्याची पाने केवळ खवल्यांएवढी, आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या कांड्यांकडे. वेल्विचिया नामिबच्या वाळवंटात वाढते. तिची दोनच पाने बुडाशी जन्मभर वाढत राहतात व टोकाशी फाटून झिजतात. फ्रीड्रिख वेल्विच यांना ती १८५९ मध्ये अंगोलात सापडली. जोसेफ हुकर यांनी १८६३ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

इतक्या विजोड वनस्पती एकत्र का ठेवाव्यात? तिघींच्याही बीजकाचे आतले आवरण लांबून त्याची बारीक नळी बनते, आणि तिच्या तोंडाशी आलेल्या द्रवबिंदूवर परागकण टिपले जातात. शिवाय तिघींच्या काष्ठात, फुलझाडांप्रमाणे, वाहिन्या असतात. बेंथम व हुकर यांनी त्यांना एकाच कुलात घातले. आर्थर ईम्स यांना मात्र हे पटले नाही. त्यांनी १९५२ मध्ये एफिड्राला स्वतंत्र गण दिला. नीटमवरील पंचानन माहेश्वरी व विमला वासिल यांचा ग्रंथ वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला.

खरा वाद वाहिन्यांचा. या वनस्पती फुलझाडांच्या पूर्वजांच्या जवळच्या असाव्यात, अशी समजूत त्यांच्यामुळे बळावली. वस्तुतः डब्ल्यू. पी. टॉम्सन यांनी १९१८ मध्येच एक मार्मिक भेद दाखविला होता. वाहिनी बनते ती एकावर एक रचलेल्या कोशिकांच्या टोकांना छिद्रे पडून. फुलझाडांत ही छिद्रे शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या खाचांपासून होतात. नीटमच्या गटात गोल खळगे रुंदावून होतात. नळी सारखी, घडण वेगळी! तरीही १९८० नंतरच्या दशकात जुनी समजूत पुन्हा डोके वर काढून बसली. १९९० मध्ये एफिड्रात द्विफलनही सिद्ध झाले. पण त्यातून फुलझाडांप्रमाणे पुष्क न बनता जादा भ्रूण बनतो.

१९९९ पासून जनुकांच्या तुलनेने पारडे फिरविले. हा गट फुलझाडांपेक्षा सूचिपर्णी वृक्षांना अधिक जवळचा ठरला. मात्र तो पाइनच्या कुलाचा सख्खा की सर्वच सूचिपर्णींचा, याविषयी मतभेद आहेत. तिन्ही प्रजाती आता तीन स्वतंत्र कुलांत मोडतात, आणि वेल्विचियाच्या कुलात तर एकच जाती आहे.