निबंधाची पहिली प्रत

तपासलेली निबंधाची वही हातीं आली म्हणजे आपण आधीं काय पाहतों? शेवटीं दिलेले गुण. तांबड्या शाईच्या खुणा पुष्कळदां पाहिल्याही जात नाहींत. आम्हीं शाळेंत असतांना तेंच केलें. मूळ विषयास हात घालण्यापूर्वीं अर्धें पान प्रस्तावनेंत घालवावयाचें, ही एकच चूक आमच्या निबंधांत तीन वर्षें राहिली. शिक्षक दर वेळीं कडेला खूण करीत, आणि आम्ही दर वेळीं वही मिटून दप्तरांत टाकीत असूं. दोष शिक्षकांचा नव्हता. खूण मिळे ती निबंध संपल्यावर, आणि संपलेल्या निबंधाकडे पुन्हां वळण्याची आम्हांस इच्छा नसे.

या अडचणीवर अमेरिकेंतील विद्यापीठांनीं योजिलेला उपाय आमच्या वाचकांस ठाऊक असणें इष्ट आहे. तेथील पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांकरितां 'लेखन-केंद्र' असतें. आयोवा विद्यापीठांतील केंद्राचा आरंभ १९३४ सालीं झाला. इंडियाना राज्यांतील पर्ड्यू विद्यापीठांत तें १९७६ सालीं निघालें. येथें गुण दिले जात नाहींत. विद्यार्थी वेळ ठरवून आपला अपुरा मजकूर घेऊन जातो, आणि सुमारें अर्धा ते एक तास एक मार्गदर्शक त्याच्याजवळ बसतो. हा मार्गदर्शक पुष्कळ ठिकाणीं त्या कामाचें शिक्षण घेतलेला दुसरा विद्यार्थीच असतो.

मार्गदर्शक मजकूर दुरुस्त करून देत नाहीं. तो बहुधा विद्यार्थ्यास आपला मजकूर मोठ्यानें वाचावयास सांगतो. मनांत वाचतांना आपण कागदावर नसलेलें देखील वाचून जातों. मोठ्यानें वाचतांना जीभ अडखळते, आणि वाक्य कोठें बिघडलें तें आपलें आपणांसच कळतें. मग प्रश्न येतात : विषय काय दिला होता? तुझें म्हणणें एका वाक्यांत काय? हा परिच्छेद येथेंच कां? आधीं विचार, मग मांडणी आणि शेवटीं व्याकरण, असा क्रम असतो; कारण जो परिच्छेद उद्यां गाळावयाचा, त्यांतील शुद्धलेखन आज सुधारून काय उपयोग? चुका फार असल्या तर वारंवार होणारी एखादी निवडून ती ओळखावयास शिकवितात. तशा बाकीच्या विद्यार्थ्यानें स्वतः शोधावयाच्या असतात.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप करण्यापेक्षां जाणत्यानें चुका सुधारून दिल्या तर काय बिघडेल? बिघडेल तें हें, कीं परीक्षेच्या वेळीं तो जाणता आपल्या बाकावर नसतो. दुसऱ्यानें सुधारलेला निबंध गुण मिळवून देईल, परंतु पुढील निबंधाच्या वेळीं आपण होतों तेथेंच असतों. आतां तर यंत्राकडून क्षणांत सबंध निबंध लिहून घेतां येतो; यास्तव हा विवेक पूर्वीपेक्षां अधिक जपला पाहिजे.

खरी अडचण लाजेची आहे. कच्चें लिखाण दुसऱ्यास दाखवावें कसें, या संकोचानें कित्येक विद्यार्थी निबंध देण्याच्या आदल्या दिवशीं केंद्रांत जातात. तेव्हां दोन-चार शब्द बदलण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं. दुसरा गैरसमज असा, कीं असें साहाय्य केवळ दुबळ्या विद्यार्थ्यांकरितां आहे. वस्तुतः चांगलें लिहिणारासही चांगला वाचक हवाच असतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें अशा विद्यापीठांत जातील, त्यांनीं पहिल्या सत्रांतच लेखन-केंद्राची वाट विचारावी. पर्ड्यूचीं इंग्रजी लेखनाविषयींचीं टिपणें तर इंटरनेटवर घरबसल्या विनामूल्य वाचावयास मिळतात.

परंतु आरंभ येथेंच करतां येईल. निबंध देण्याच्या तीन दिवस आधीं पहिली प्रत तयार करा आणि शेजारच्या मित्रास मोठ्यानें वाचून दाखवा. त्यानें लेखणी हातीं न घेतां इतकेंच सांगावें : मला काय समजलें, कोठें समजलें नाहीं, आणि कोठें कंटाळा आला. मग दुसरी प्रत तुम्हीं स्वतः लिहावी. असा एखादा मित्र आम्हांस शाळेंत लाभला असता, तर तें अर्ध्या पानाचें प्रास्ताविक आम्हीं पहिल्याच वर्षीं गाळलें असतें.