दवण्याचे कुळ आणि आपल्या कुंडीतील शिबा



अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद या गावी आपल्या समाजाची घरे मोरोक्कोहून आलेल्या यहुदी बांधवांच्या शेजारी आहेत. हिवाळा लागला की त्यांच्या चहात पुदिन्याबरोबर एक रुपेरी, उग्र वासाची डहाळी दिसते. तिला ते 'शिबा' म्हणतात. बाजारात पुदिन्याच्या शेजारीच तिची जुडी मिळते, आणि रोपवाटिकेत रोपही मिळते. आपल्यापैकी काहींच्या गॅलरीतही आता ती कुंडीत आली आहे. ही वनस्पती कोण, ती कशी वाढवावी, किती वापरावी आणि कोणी वापरू नये, याची माहिती प्रस्तुत लेखात करून घेऊ.

कुळाची ओळख

शिबाचे पान चुरगळून हुंगले की महाराष्ट्रातून आलेल्या माणसास दवणा आठवतो. ही आठवण चुकीची नाही. चैत्रात बाजारात येणारा, वाळवून कपड्यांत ठेवला जाणारा दवणा म्हणजे आर्टिमीसिया पॅलेन्स, तर शिबा म्हणजे आर्टिमीसिया आर्बोरेसेन्स. दोघे एकाच वंशातील भाऊ. सह्याद्रीत वाढणारा ढोरदवणा, युरोपातील मगवर्ट, नेगेवच्या माळावरील करडे झुडूप 'लआनात हा-मिदबार', आणि स्वयंपाकात वापरतात तो टॅरागॉनसुद्धा याच वंशातला.

शिबा हे नाव अरबीतून आले असून त्याचा संबंध पिकलेल्या केसांशी आहे. पाने राखाडी-पांढरी, म्हणून हे नाव. आपल्या हिब्रूतील 'सेवा', म्हणजे पिकले केस किंवा म्हातारपण, हा त्याच शब्दाचा भाऊ.

आजच्या हिब्रूत या साऱ्या वंशाला 'लआना' म्हणतात. हा शब्द तनाखमध्ये ८ ठिकाणी आला आहे: अनुवादात एकदा, यिर्मयात दोनदा, नीतिसूत्रांत एकदा, आमोसात दोनदा आणि एखात दोनदा. मराठी भाषांतरात तेथे 'कडू दवणा' असे शब्द येतात. बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बेआवच्या रात्री, आपण एखा वाचतो तेव्हा तिसऱ्या अध्यायात हाच शब्द दोन वेळा ऐकू येतो. तेथे तो दुःखाच्या कडवटपणाचे चिन्ह आहे.

मग पेसाहच्या ताटात मारोर म्हणून शिबा चालेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. मिश्नेत, पेसाहीमच्या दुसऱ्या अध्यायात, मारोरसाठी ५ वनस्पती सांगितल्या आहेत. त्यांत लआनाचे नाव नाही. तेव्हा मारोरसाठी आपला नेहमीचा पालाच बरा.

लागवड

शिबाला बी पेरण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी पुरते. सुक्कोथनंतर ऊन उतरले की लावणी करावी.

१. अर्धवट जून झालेली, सुमारे १० ते १२ सेंटीमीटर लांबीची फांदी कापावी आणि खालच्या अर्ध्या भागावरील पाने काढून टाकावी.

२. निम्मी वाळू व निम्मी कुंडीची माती अशा मिश्रणात ती खोचावी. मुळे धरेपर्यंत कुंडी सावलीत ठेवावी आणि माती फक्त ओलसर राखावी. मुळे धरण्यास काही आठवडे लागतात.

३. नंतर रोप मोठ्या कुंडीत लावावे. कुंडी निदान ३० सेंटीमीटर रुंदीची असावी व तिच्या तळाला भोक असावे. जमिनीत लावल्यास झुडूप मीटरभर किंवा त्याहून उंच होते, म्हणून भोवती जागा सोडावी.

४. ऊन भरपूर द्यावे, पाणी बेताने. वरची माती कोरडी झाल्यावरच पुन्हा पाणी घालावे. तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतात, तसे येथे केल्यास मुळे कुजतात. शेणखताचीही फारशी गरज नाही. खत जास्त झाले की झाड लुसलुशीत होते, पण वास कमी येतो.

५. शेंडे वरचेवर खुडावे, म्हणजे झुडूप दाट राहते. फार खाली, पाने नसलेल्या जुन्या लाकडावर कापू नये. तेथून नवे फुटवे येतीलच असे नाही. काही वर्षांनी झाड ओंडक्यासारखे झाले की नवी फांदी लावून घ्यावी.

मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार धारेने पाने धुवावी. खाण्यापिण्यात वापरायच्या झाडावर औषध फवारू नये.

चहा करावा, काढा करू नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. मोरोक्कन घरात शिबा हा औषधाचा डोस नसून चहाचा स्वाद आहे. किटलीत हिरवा चहा, मूठभर पुदिना, साखर आणि शिबाची बोटभर डहाळी घालून वर उकळते पाणी ओततात. दोन-तीन मिनिटांनी डहाळी काढून टाकावी. जास्त वेळ राहिली तर चहा कडू होतो. दुधाच्या चहात ती चांगली लागत नाही.

आपली सवय निराळी. पाला कडू असला की तो गुणकारी, असे आपण मानतो, आणि मग मूठभर पाला घेऊन पाणी निम्मे होईस्तोवर आटवतो. किराइताचा काढा पीत वाढलेल्या पिढीला हे साहजिक वाटते. पण शिबात थुजोन नावाचे द्रव्य असते. ते मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास मज्जातंतूंवर परिणाम होतो व झटकेही येऊ शकतात. एका किटलीत एक डहाळी आणि एका पेल्यात एक मूठ यांत म्हणूनच फार अंतर आहे.

पुढील मंडळींनी शिबा घेऊच नये: गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले आणि फिट येणारे रोगी. ज्यांस झेंडू-शेवंतीच्या जातीच्या फुलांचे वावडे आहे त्यांनीही जपून असावे, कारण दवण्याचा वंश त्याच मोठ्या कुटुंबातला आहे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे रोज घेणाऱ्यांनी आधी कुपात खोलिमच्या डॉक्टरांस विचारावे आणि आपल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

जपान-कोरियात मगवर्टच्या जातीचा कोवळा पाला तांदळाच्या पिठात किंवा सूपमध्ये घालतात. ती झाडे वेगळी. त्यांच्या जागी मूठभर शिबा घालून पाहू नये. पाला उरला तर तो वाळवून लोकरीच्या कपड्यांत ठेवावा. दवण्यासारखाच वास येतो.

हिवतापाविषयी दोन शब्द

दवण्याच्या वंशातून हिवतापाचे औषध निघाले, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. ते खरे आहे. चीनमधील शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने आर्टिमीसिया ॲन्युआ या वनस्पतीतून १९७२ साली आर्टिमिसिनिन वेगळे केले, आणि २०१५ साली तू यूयू यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे सुरुवातीचे अर्क नीट काम देत नव्हते. जुन्या चिनी ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळावा असे सांगितले होते, उकळावा असे नव्हते. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा हे त्यांच्या ध्यानात आले, व त्यांनी ईथर वापरून कमी उष्णतेवर अर्क काढला. म्हणजे ज्या वनस्पतीत औषध आहे, तिचाही काढा भरवशाचा नाही. आणि आपली शिबा तर ती वनस्पतीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनाही हिवतापासाठी या पाल्याचा चहा घेण्याची शिफारस करीत नाही. म्हणून भारतात नातलगांकडे जाताना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरोबर घ्याव्या. तेथे किंवा परत आल्यावर थंडी वाजून ताप आला तर लगेच रक्त तपासून घ्यावे. शिबाचा चहा पीत दिवस घालवू नये.

पुढच्या सुक्कोथनंतर आपल्या झाडाची फांदी मुळे धरील आणि ती आपण बहिणीला, सुनेला किंवा शेजारणीला द्याल. देताना दोन गोष्टी अवश्य सांगाव्या: पाणी बेताने घाला, आणि किटलीत एकच डहाळी टाका.