घटक ७ : माहितीसंचात नवे चल तयार करणे



प्रश्नावलीतील उत्तरे संगणकावर नोंदवली की माहितीसंच तयार होतो. परंतु आपल्या संशोधनप्रश्नाचे उत्तर त्यातील एखाद्या स्तंभात आयतेच मिळते असे नाही. अनेकदा नोंदवलेल्या स्तंभांवरून नवा स्तंभ तयार करावा लागतो. प्रस्तुत घटकात हे काम कसे करावे आणि करताना कोणते निर्णय घ्यावे लागतात, याचा अभ्यास तुम्ही करणार आहात.

७.१ साधित चल

मूळ चलांवरून सूत्राने किंवा नियमाने मिळवलेल्या चलास साधित चल म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्यात ६,०६,२९४ पुरुष व ५,७१,०५१ स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या संख्येस पुरुषांच्या संख्येने भागून १,००० ने गुणले असता ९४२ हे लिंग गुणोत्तर मिळते. हा आकडा कोणत्याही गणना-अर्जावर लिहिलेला नव्हता. तो दोन मूळ चलांवरून साधलेला आहे.

एसपीएसएसमध्ये हे काम ‘ट्रान्सफॉर्म’ या यादीतील ‘कम्प्यूट व्हेरिएबल’ या आज्ञेने होते. एका चौकटीत नव्या चलाचे नाव आणि दुसऱ्या चौकटीत सूत्र लिहावयाचे असते. ‘आर’ या प्रणालीत नव्या स्तंभाचे नाव, बाणाचे चिन्ह आणि सूत्र एका ओळीत लिहितात.

७.२ एककाचे रूपांतर

समजा, औंढा नागनाथ तालुक्यातील एका गावात तुम्ही शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. लोक जमीन एकर-गुंठ्यांत सांगतात, तर सातबारा उताऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर असल्याने १ हेक्टर ८२ आर हे क्षेत्र १.८२ असे लिहिता येते. गुंठ्यांना हा नियम लागू नाही, कारण ४० गुंठ्यांचा १ एकर होतो. ‘४ एकर २० गुंठे’ हे क्षेत्र ४.२० असे नोंदवल्यास चूक होईल, ते ४.५ एकर आहे. म्हणून एकर व गुंठे यांचे दोन स्वतंत्र स्तंभ ठेवावेत. गुंठ्यांना ४० ने भागून एकरांत मिळवावे आणि बेरजेस २.४७१ ने भागावे. उत्तर १.८२ हेक्टर येते.

७.३ वर्गवारी आणि सीमारेषा

भारताच्या कृषी गणनेत १ हेक्टरपेक्षा कमी वहितीस सीमान्त, १ ते २ हेक्टरच्या आतील वहितीस लघु आणि २ ते ४ हेक्टरच्या आतील वहितीस अर्धमध्यम म्हणतात. बरोबर २ हेक्टर वहिती येथे अर्धमध्यम ठरते. केंद्र शासनाच्या २००८ च्या कृषी कर्जमाफी व कर्जसवलत योजनेत मात्र १ हेक्टरहून अधिक व २ हेक्टरपर्यंत जमीन कसणारा शेतकरी लघु मानला होता. म्हणजे तेच २ हेक्टर तेथे लघु ठरतात.

हा फरक केवळ शब्दांचा नव्हता. त्या योजनेत सीमान्त व लघु शेतकऱ्यांचे पात्र कर्ज पूर्ण माफ होते; इतर शेतकऱ्यांना उरलेली रक्कम फेडल्यावर सवलत होती. शिवाय योजनेत २ हेक्टरपुढे कंसात ५ एकर असे नमूद होते. तुमच्या सूत्राने ५ एकरांचे २.०२ हेक्टर होतात आणि तेवढ्याने ते कुटुंब ‘इतर’ वर्गात जाते. सूत्र अचूक असूनही वर्ग चुकू शकतो, तो असा.

संगणक सीमारेषा स्वतःच्या रीतीने ठरवतो. ‘आर’मधील ‘कट’ हे कार्य, वेगळी सूचना न दिल्यास, प्रत्येक वर्गाचे वरचे टोक त्याच वर्गात धरते. ते योजनेच्या व्याख्येशी जुळते. कृषी गणनेच्या व्याख्येसाठी ‘राइट’ हा पर्याय बंद करावा लागतो. एसपीएसएसच्या ‘रीकोड’मध्ये श्रेणीची दोन्ही टोके धरली जातात आणि आधी लिहिलेला नियम लागू होतो. तेथे ‘रीकोड इन्टू डिफरंट व्हेरिएबल्स’ हाच पर्याय निवडावा. ‘सेम व्हेरिएबल्स’ निवडल्यास मूळ क्षेत्रावर वर्ग लिहिला जातो आणि व्याख्या बदलून पाहण्याची सोय उरत नाही.

७.४ रिकाम्या जागा

जिरायत व बागायत क्षेत्रांची बेरीज करताना बागायतीची जागा रिकामी असेल, तर तिचा अर्थ ‘बागायत नाही’ असा की ‘विचारले नाही’ असा? अधिक चिन्हाने बेरीज केल्यास उत्तरही रिकामे राहते. एसपीएसएसचे ‘सम’ हे कार्य मात्र रिकामी जागा सोडून उरलेल्याची बेरीज देते. यांतील योग्य रीत प्रश्नावली पाहूनच ठरवावी. बागायत नसल्यास नोंद करतानाच शून्य लिहावे.

७.५ पडताळणी

१. चार-पाच कुटुंबांची गणिते हाताने करून पाहावीत.
२. प्रत्येक वर्गातील किमान व कमाल क्षेत्र काढावे.
३. सीमारेषेवरील कुटुंबे स्वतंत्रपणे तपासावीत.
४. चलाची व्याख्या, तिचा आधार व सूत्र नोंदवहीत लिहावे.

सारांश

नवे चल तयार करणे म्हणजे आधी व्याख्या ठरवणे आणि मग गणित करणे. व्याख्या अहवालात स्पष्ट लिहिली, तरच वाचकाला तुमचा निष्कर्ष तपासता येतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ७ एकर १० गुंठे म्हणजे किती हेक्टर? (उत्तर : २.९३)
२. बरोबर १ हेक्टर जमीन असलेले कुटुंब वरील दोन व्याख्यांनुसार कोणत्या वर्गांत येईल? कारण लिहा.
३. तुमच्या गावातील दहा कुटुंबांचे क्षेत्र नोंदवून दोन्ही व्याख्यांनुसार दोन चल तयार करा व त्यांची तुलना करा.