मायक्रोवेव्ह भट्टीसाठी भांड्यांची निवड

वडोदऱ्याच्या सयाजीगंज–प्रतापगंज परिसराला विद्येची जुनी परंपरा आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत येथे गृहविज्ञान विद्याशाखा उभी राहिली आणि स्वयंपाकघर हाही शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे, ही दृष्टी रुजली. गायकवाडी काळापासून येथे वसलेल्या मराठी कुटुंबांत आज मायक्रोवेव्ह आला असला, तरी फडताळात भांडी बहुधा स्टीलची व पितळेचीच असतात. सकाळचे वरण त्याच वाटीतून भट्टीत ठेवण्याचा मोह होतो. म्हणून भांड्यांच्या निवडीमागील शास्त्र प्रत्येक घराने समजून घेणे अगत्याचे आहे.

चुलीवर प्रथम भांडे तापते व मग अन्न. मायक्रोवेव्हमध्ये हा क्रम उलट असतो. येथे सेकंदाला सुमारे २४५ कोटी आंदोलने करणारे सूक्ष्मतरंग अन्नातील पाण्याच्या रेणूंना हालवितात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. भांड्याने या तरंगांना केवळ वाट द्यावी. त्यांना अडवू नये व स्वतः शोषूनही घेऊ नये. योग्य भांड्याची हीच कसोटी होय.

धातू तरंग परतवून लावतो. त्यामुळे स्टील, ॲल्युमिनियम, तांबे वा पितळ यांच्या भांड्यातील अन्न नीट तापत नाही; शिवाय कडांशी ठिणग्या उडून भट्टी निकामी होण्याचा वा आग लागण्याचा संभव असतो. सोनेरी-रुपेरी कड असलेली कपबशी आणि पिन टोचलेली कागदी पिशवी यांनाही हाच नियम लागू आहे. काही भट्ट्यांत गरम हवेने भाजण्याची निराळी सोय असते. तेथे धातूचे भांडे चालते. परंतु ते केवळ त्याच सोयीपुरते, आणि पुस्तिकेत तशी मुभा असेल तरच.

बोरोसिलिकेट काच सर्वांत भरवशाची. साध्या काचेच्या मानाने ती उष्णतेने सुमारे एकतृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. तरीही फ्रीजमधून काढलेले भांडे लगेच तापवू नये. धातूची नक्षी नसलेली व मायक्रोवेव्हयोग्य अशी नोंद असलेली चिनी मातीची भांडीही उपयुक्त ठरतात. कच्च्या मातीचे कुल्हड मात्र ओलावा शोषून स्वतःच तापते.

प्लास्टिकच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. श्रीखंडाचे व आइस्क्रीमचे रिकामे डबे थंड पदार्थांसाठी बनविलेले असतात. ते उष्णतेने वितळतात वा वाकतात आणि त्यांतील रसायने अन्नात उतरू शकतात. मेलामाइनची ताटे आणि थर्मोकोलच्या वाट्याही वर्ज्य समजाव्यात. ‘मायक्रोवेव्हसाठी योग्य’ असा छाप असलेले प्लास्टिक चालते. तथापि तेला-तुपाचे व साखरेचे पदार्थ पाण्यापेक्षा अधिक तापत असल्याने त्यांसाठी काचच बरी.

भांड्याविषयी शंका असल्यास एक सोपी चाचणी करावी. धातूचा अंशही नसलेले रिकामे भांडे भट्टीत ठेवून शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवावे व एक मिनिट भट्टी चालवावी. पाणी कोमट होऊन भांडे थंड राहिले, तर ते योग्य. भांडेच तापले, तर अयोग्य. पाण्याचा पेला वगळून ही चाचणी कधीही करू नये, कारण रिकामी भट्टी चालविल्यास तिला इजा पोहोचते.

योग्य भांड्यातही अन्न सर्वत्र सारखे तापत नाही. झाकण सैल ठेवावे, मध्येच अन्न ढवळावे, आणि वाफ येईपर्यंत तापवून थोडा वेळ तसेच राहू द्यावे. लहान मुलाला भरविण्यापूर्वी घास स्वतः चाखून पाहावा.

घरातील वृद्ध व शाळेतून परतणारी मुले अनेकदा एकटीच अन्न गरम करतात. त्यांच्या हाताशी येईल अशा एका कप्प्यात केवळ पारखलेली भांडी ठेवावीत आणि स्टीलच्या वाट्या तेथून हलवाव्यात. या साध्या व्यवस्थेने बरेच अपघात टाळता येतील.