गरोदरपण आणि सिकलसेल : तपासणी दोघांची हवी, तीन महिन्यांच्या आत हवी



आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द नवा नाही. इंदोरा असो, पाचपावली असो की रामबाग, प्रत्येक गल्लीत हा आजार असलेले एखादे घर आहे. हातपाय दुखतात, डोळे पिवळे होतात, वारंवार ताप येतो, रक्त चढवावे लागते, हे आपण पाहिले आहे. पण गरोदरपणी याची तपासणी कोणी, कधी आणि कशासाठी करायची, हे मात्र पुष्कळ घरांत नीट माहीत नसते. आरोग्याच्या या पानावर आज आम्ही तेवढाच विषय घेत आहोत.

आजार काय आहे?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. त्यांत हिमोग्लोबिन असते. ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. सिकलसेलमध्ये हे हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होते आणि कावीळ दिसते.

अमेरिकेतील शिकागो शहरात डॉ. हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींची पहिली नोंद केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. पुढे १९५८ साली नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. महार समाजात हा दोष आहे हे तेव्हा जगापुढे आले. विदर्भात तो बौद्धांप्रमाणेच गोंड, परधान या आदिवासींत मोठ्या प्रमाणात आहे, आणि इतर समाजांतही आढळतो.

आपल्याच लोकांत का, असे बायाबापड्या विचारतात. हा शाप नाही, मागच्या जन्माचे पाप नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे हा दोष एका बाजूने घेतलेली मुले हिवतापातून जास्त वाचली. वाचली म्हणून त्यांची वंशवेल वाढली आणि दोषही पुढे आला. प्रत्येक गोष्टीला कारण असते, तसे यालाही आहे.

एएस आणि एसएस

प्रत्येक मुलाला हिमोग्लोबिनचा एक गुण आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. दोन्ही चांगले असतील तर अहवालात 'एए' येते. एक चांगला आणि एक सिकलचा असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, रिक्षा चालवतो, शाळेत शिकवतो, आणि बहुतेकदा त्याला आपण वाहक असल्याचा पत्ताच नसतो. दोन्ही गुण सिकलचे असतील तर 'एसएस', म्हणजे आजार.

नवरा-बायको दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची असते, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निर्दोष मुलाची. येथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते, मागच्या वेळी काय पडले ते नाण्याला आठवत नाही.

दोघांपैकी एकच एएस आणि दुसरा एए असेल, तर मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. म्हणून 'मुलगी एएस आहे' एवढ्यावरून स्थळ मोडणे हा अन्याय आहे. विचारायचे ते दोघांचेही अहवाल. लग्नाआधी पत्रिका जुळवण्याची चाल आपण सोडली, आता रक्ताचा अहवाल पाहण्याची चाल धरायला हवी.

गरोदरपणी काय करायचे?

पाळी चुकली की लगेच नाव नोंदवा. पहिल्याच भेटीत रक्ताचे प्रमाण, रक्तगट, साखर, रक्तदाब यांच्यासोबत सिकलसेलची तपासणी मागा. पहिली चाचणी सोपी असते, तिला सोल्युबिलिटी म्हणतात. तिच्यातून सिकल आहे की नाही एवढेच कळते, एएस की एसएस ते कळत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी करावी लागते. डागा, मेयो किंवा मेडिकलमध्ये जाल तेव्हा हे नाव घेऊन विचारा.

बाई एएस निघाली, की नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे. नेमके येथेच घोडे अडते. 'मला काय झाले? मी धडधाकट आहे' असे म्हणून नवरा टाळतो. सासू म्हणते, दोष सुनेचा आहे. पण मूल आजारी होते ते दोघांकडून मिळालेल्या गुणामुळे. एकट्या बाईला दोष देणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. नवऱ्याला तर फक्त थोडे रक्त द्यायचे असते.

घाई यासाठी, की दोघेही एएस असतील तर पोटातील बाळाची तपासणी करता येते, पण तिला वेळेची मर्यादा आहे. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. कान आणि डॉ. डोझी यांनी गर्भजलातील पेशींवरून बाळाचा सिकलसेल ओळखून दाखवला. आज १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा अगदी छोटा अंश काढून, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून ही तपासणी होते. तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावा. अहवालालाही दिवस लागतात. पाचव्या महिन्यात नवऱ्याचे रक्त घेतले, तर विचार करायला वेळच उरत नाही.

निर्णय कोणाचा?

गर्भलिंग निदानाला बंदी आहे, मग ही तपासणी कायदेशीर कशी, असा प्रश्न येतो. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगणे गुन्हा ठरवला, पण हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणी असलेल्या केंद्रात गर्भाची तपासणी करायला परवानगी दिली आहे. त्यासाठी त्या बाईची लेखी संमती लागते.

अहवाल एसएस आला तर पुढे काय, हे कोणी तिच्यावर लादू नये. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात २०२१ साली बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. कोणी तो मार्ग घेईल, कोणी बाळ ठेवेल. दोन्हींचा मान राखावा. एसएस असलेली मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. त्यांचे जगणे कमी मोलाचे आहे, असा अर्थ या तपासणीतून कोणी काढू नये. तपासणी आईबापांना माहिती देते, हुकूम देत नाही.

आई स्वतः एसएस असेल तर

अशा बाईचे गरोदरपण जोखमीचे धरावे आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर मूल हवे असा विचार करतानाच डॉक्टरांना सांगावे. दिवस गेल्याचे नंतर कळले, तर त्याच दिवशी सांगावे. फॉलिक ॲसिड चुकवू नये. लोहाच्या गोळ्या मात्र तपासून, डॉक्टर सांगतील तशाच घ्याव्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की वेदना उठतात, म्हणून पाणी भरपूर प्यावे, उन्हात आणि जड कामात राहू नये. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, डोके दुखून अंधारी येणे, अंगावर सूज, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

अशा आईच्या बाळाला वारेतून रक्त कमी मिळू शकते, म्हणून बाळाची वाढ पाहण्यासाठी जास्त वेळा सोनोग्राफी करतात. बाळाची हालचाल ही तर प्रत्येक आईने लक्षात ठेवायची खूण आहे. सातव्या महिन्यानंतर ती नेहमीपेक्षा कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

बाळ झाल्यावर

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सिकल असलेल्या मातांच्या दोन हजारांहून अधिक नवजात बाळांची तपासणी झाली, त्यांत शंभराहून अधिक बाळे एसएस निघाली. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार जन्मतः कळला, तर पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस वेळेवर देता येते. आईला पाणथरी हाताने तपासायला शिकवता येते, आणि बाळ वाचते. म्हणून दोघे एएस असतील आणि गर्भाची तपासणी केली नसेल, तरी बाळाची तपासणी सोडू नये.

हक्क मागून घ्या

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधान परिषदेत कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. आईच्या आरोग्याचा भार समाजानेही उचलावा, या विचाराला आज कायद्याचा आणि योजनांचा आधार आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे, म्हणून शहरातील वस्त्यांनी तपासणी शिबिर स्वतःहून मागितले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, एसएस रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले, २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हे काम आपल्याच माणसांनी उभे केले, ते पुढे नेणेही आपल्याच हातात आहे.

विहारातील रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे काढा आणि हा लेख मोठ्याने वाचा. लग्न ठरलेले तरुण, नवी जोडपी आणि गरोदर बाया यांची यादी आशाताईंना द्या. अहवालाचा कागद रेशनकार्डासारखा जपून ठेवा. आणि घरात कोणाला दिवस गेले असतील, तर याच आठवड्यात नवरा-बायको दोघांनी मिळून दवाखान्यात जा.