मांजराची तहान वाढली, उलट्याही होतात

प्रश्न : आमची १२ वर्षांची मनी सारखी पाणी पिते, अधूनमधून उलटी करते, वाळतही चालली आहे. काय करावं?

उत्तर : या वयात मूत्रपिंडाचा जुना आजार, मधुमेह किंवा थायरॉइडचा अतिरेक, या तिन्ही शक्यता तपासायला हव्यात. पाणी मोजून ठेवा आणि सांडलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पीत असेल तर ते नक्कीच असाधारण. पशुवैद्यांकडून क्रिएटिनिन, साखर, टी-४, लघवीची घनता आणि रक्तदाब तपासून घ्या. गरज वाटल्यास ते सोनोग्राफी सुचवतील. पाणी मुळीच तोडू नका. माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरांना जीवघेणं ठरतं. दिवसभर खाल्लं नाही, मलूल झाली किंवा लघवी थांबली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.